पाळणा, कुरण आणि अवधान

‘मुली एका जागी बसतात, मुलगे बसत नाहीत’ हे वाक्य आमच्या वसईत बालवाडीच्या दाराशी हमखास कानी पडते. ते सर्वस्वी खोटे नाही. शाळापूर्व वयात स्वतःला आवरून हातातल्या कामावर लक्ष टिकवण्यात मुली सरासरीने पुढे असतात, असे मानसशास्त्रीय अभ्यासांत आढळले आहे. मात्र यातील पुष्कळशी मोजमापे पालक-शिक्षकांच्या मतांवर बेतलेली असतात. त्यामुळे मुलांच्या अवधानाबरोबर मोठ्यांच्या अपेक्षाही नकळत मोजल्या जातात. या अपेक्षांचा भार केवढा असतो, हे पाहण्यासाठी आपल्याच पालघर जिल्ह्याच्या इतिहासात डोकवावे.

१९०७ साली रोममध्ये माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्ट्या खाचांत बसवण्याचा खेळ सलग बेचाळीस वेळा करत राहिली. एकाग्रतेची ही विख्यात नोंद. त्याच पद्धतीचे संस्कार घेऊन ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीत आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी पाड्यांत शाळेच्या वयाच्या मुलीच्या कडेवर बहुधा धाकटे भावंड असे, आणि कित्येक मुले गुरांमागे रानात जात. रोमच्या त्या मुलीला लाभलेली निर्वेध सवड यांना कोठली? त्यांचे अवधान उणे नव्हते. ते आधीच कामाला जुंपलेले होते.

या दोघींनी मुलांना बोल लावला नाही. विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. भावंड पाळण्यात निजले आणि ताईचे हात पाटीसाठी मोकळे झाले. गुराख्यांसाठी शाळाच कुरणावर गेली.

हा धडा आजही जुना झालेला नाही. अवधानाच्या विकाराचे निदान मुलग्यांत अधिक होते, कारण त्यांची धावपळ डोळ्यांत भरते. गप्प बसून मनाने दूर गेलेली मुलगी मात्र ‘शहाणी’ ठरते आणि मदतीवाचून राहते. म्हणून मुलगा की मुलगी हे पाहण्याआधी, त्या मुलाचे लक्ष कोठे आणि कशात गुंतले आहे, हे पाहावे. कोसबाडला आधी तेच पाहिले गेले.