अक्षरओळख आणि वाचन : पंतोजींच्या शाळेपासून ग्रामशिक्षण मोहिमेपर्यंत

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळांची संख्या, विद्यार्थ्यांची संख्या आणि सरकारी ठराव यांचा परामर्श पुष्कळदा घेतला गेला आहे. परंतु शाळेत बसलेल्या मुलाला प्रत्यक्ष वाचता केव्हा येऊ लागे, आणि 'वाचता येणे' या शब्दांचा त्या त्या काळी अर्थ काय होता, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षितच राहिला. अक्षरे ओळखणे ही एक गोष्ट. समोर आलेला अपरिचित मजकूर न अडखळता, अर्थाचे अनुसंधान न सुटता वाचून जाणे ही दुसरी. पहिलीची सोय केली की दुसरी आपोआप येईल, असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती दीडशे वर्षांच्या शिक्षणव्यवहारात वारंवार दिसते. ते गृहीत कोठे फसले हे पाहिल्यावाचून साक्षरतेच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

मुंबई सरकारने १८२४ ते १८२९ या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून देशी शाळांची माहिती मागविली. तीवरून संपूर्ण इलाख्यात सुमारे १,७०० शाळा व त्यांत सुमारे ३५,००० विद्यार्थी असल्याचे दिसून आले. पुढे रा. वि. परुळेकर यांनी हे कागद संकलित करून प्रसिद्ध केल्यामुळे त्या शाळांतील अभ्यासक्रमाची बरीच विश्वसनीय कल्पना येते. शाळा बहुधा देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या गृहस्थाच्या पडवीत भरे. मुलाचा ओनामा धूळपाटीवर होई. पाटीवर पसरलेल्या धुळीत पंतोजी किंवा वरच्या मुलांपैकी कोणी अक्षर काढून दिले की नवा मुलगा ते गिरवी आणि गिरविताना मोठ्याने म्हणे. मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे या क्रमाने हात वळला म्हणजे अंक, पाढे, आणि मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. या सर्व काळात मुलासमोर पुस्तक असे नसे. अक्षर हे प्रथम हाताने, मग तोंडाने आणि सर्वांत शेवटी डोळ्याने शिकावयाचे, हा त्या पद्धतीचा क्रम होता.

या क्रमाला अलीकडे केवळ घोकंपट्टी म्हणून नावे ठेवण्याची रीत पडली आहे. ती सर्वस्वी न्याय्य नाही. ज्या व्यवहारासाठी ही शाळा मुलाला तयार करीत होती, त्या व्यवहारात वाचनाचा विषय म्हणजे छापील पुस्तक नव्हते. तो हाताने लिहिलेला मोडी कागद होता. मोडीत कागदावर आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली मजकूर लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्ह नाही. 'राजश्री', 'मौजे', 'पैकी' अशा नित्याच्या शब्दांचे संक्षेप ठरलेले. अशा कागदात अक्षरे एकेक करून ओळखू गेल्यास वाचणारा पहिल्या ओळीतच अडतो. मायना कसा असतो, विनंतीनंतर काय येते, कर्जरोख्यात मुदतीचे कलम कोठे असते, हे ज्याला आधीच ठाऊक असे त्यालाच तो कागद 'लागे'. म्हणूनच जोडाक्षरे संपल्यावर शाळेतील मुलांना जुनी पत्रे व खते वाचावयास देत, आणि निरनिराळ्या हातांचे वळण जो झरझर वाची तो मुलगा तयार झाला असे समजत. ओघवत्या वाचनाचे शिक्षण येथे होते, मात्र ते एका ठराविक जातीच्या मजकुरापुरते होते. ज्याच्या घरी दप्तर होते त्याला ते मिळे. जो पाढे शिकून शेतावर परतला त्याला मिळत नसे.

वाचनाचे दुसरे क्षेत्र पोथीचे. श्रीधराचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' हे ग्रंथ गावोगावी वाचले जात, परंतु एक वाची आणि अनेक ऐकत. पोथी बालबोधीत असली तरी तिच्यातही शब्द सलगच लिहिलेले असत. तेथे वाचणाऱ्याला आधार होता तो ओवीच्या चालीचा आणि लहानपणापासून ऐकलेल्या कथेचा. कागद आणि पोथी या दोहोंत, वाचकाला पुढे काय येणार याची चाहूल आधीच असे. ती चाहूल नसलेला मजकूर, म्हणजे नव्या विषयावरील अपरिचित गद्य, मराठी वाचकासमोर मोठ्या प्रमाणावर प्रथम आले ते मुद्रणाबरोबर.

मराठीचे आरंभीचे मुद्रण महाराष्ट्राबाहेर, श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली झाले. १८०५ चे व्याकरण देवनागरीत निघाले. त्यानंतर मात्र १८१० चा कोश आणि १८१४ ची 'सिंहासनबत्तिशी' यांसाठी मोडी ठसे वापरण्यात आले. लोक मोडी वाचतात, तेव्हा मोडीच छापावी, हा विचार वरवर पाहता सयुक्तिक होता. पण हात न उचलता लिहिण्यासाठी घडलेली लिपी सुट्या ठशांत बसविली म्हणजे तिचा वेगही जातो आणि ओळखीचे वळणही जाते. मुंबईत १८२२ साली स्थापन झालेल्या आणि १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने जॉर्ज जर्विस यांच्या चिटणीसपणाखाली शालेय पुस्तकांसाठी बालबोध पत्करली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसपनीतिकथा' व 'बाळमित्र' ही पुस्तके १८२८ च्या सुमारास आली, आणि १८३१ च्या मोल्सवर्थ यांच्या कोशाने शब्दांच्या लेखनाला काही स्थिर रूप दिले. मराठी मुलाच्या हाती केवळ वाचण्यासाठी म्हणून दिलेला, पाठ नसलेला, गोष्टीरूप गद्य मजकूर या पुस्तकांपासून आढळू लागतो.

पुस्तक आले तरी पान अजून वाचकाला पुरेसे अनुकूल नव्हते. बखरीच्या गद्यात 'करून', 'जाऊन', 'म्हणोन' अशा रूपांच्या साखळीने वाक्य लांबत जाते आणि क्रियापदावर येऊन थांबते. कोठे दम घ्यावा हे वाचणाऱ्याने आपल्या कानाने ठरवावे. मोठ्याने वाचणाऱ्या अनुभवी माणसाला हे साधते. नवशिक्या मुलाला नाही. थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' प्रसिद्ध करून इंग्रजीतील विरामचिन्हांची पद्धती मराठीत रूढ करण्याचा जो उद्योग केला, त्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. कँडी यांच्या हाताखाली घडलेल्या गद्याला पुढे इंग्रजी वळणाचा दोष देण्यात आला आणि तो पुष्कळ अंशी खराही आहे. तथापि शब्दाशब्दांतील अंतर, स्वल्पविराम आणि परिच्छेद यांनी पूर्वी वाचकाने करावयाचे काम पानावरच करून ठेवले, हे विसरता येत नाही. पूर्वी वर्षानुवर्षांच्या सरावाने जे कानाला कळत असे, ते आता डोळ्याला दिसू लागले. मनातल्या मनात वाचण्याची सवय मराठी समाजात पसरली ती या पानामुळे. केवळ शाळा वाढल्या म्हणून नव्हे.

यातून एक विचित्र दुभंग निर्माण झाला. शाळेत मुलगा बालबोध छापील पान वाचावयास शिके. गावचा व्यवहार मात्र मोडीतच चालू राहिला. या दुभंगाचे परिणाम दख्खनच्या शेतकऱ्याइतके कोणी भोगले नसतील. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंग्यास सुरुवात झाली आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. मनुष्यहानीपेक्षा दंगेखोरांचे लक्ष खतांकडे होते: सावकाराकडील कर्जरोखे हिसकावून घ्यावेत आणि जाळावेत. या दंग्यांची आर्थिक कारणे सुविदित आहेत. कापसाच्या तेजीनंतरची मंदी, साऱ्याची वाढ, दिवाणी न्यायालयांतील एकतर्फी हुकूमनामे. पण शेतकऱ्याने जाळण्यासाठी जो कागद निवडला, तो त्याला वाचता येत नव्हता, ही गोष्ट वाचनाच्या इतिहासात नोंदविण्यासारखी आहे. त्या कागदावर त्याने नांगराची निशाणी केली होती. आत काय लिहिले आहे हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून, आणि बहुधा लिहून घेणाऱ्याच्याच तोंडून, कळले होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने गावोगावच्या निबंधकासमोर असे लेख करण्याची तरतूद केली. सरकारने शेतकऱ्याच्या बाजूने एक वाचणारा बसविला. शेतकरी स्वतः वाचता होण्याचा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

तो प्रश्न जोतीराव फुले यांनी मात्र नेमका ओळखला होता. १८५५ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमाविषयी लिहिताना त्यांनी मोडी आणि बालबोध या दोन्ही लिप्यांचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांची मागणी केली आहे. यातील मोडीचा आग्रह जुनेपणाच्या ओढीने आलेला नाही. बालबोध आली तर पुस्तक वाचता येईल. मोडी आली तर खत वाचता येईल. आणि शेतकऱ्याच्या मुलाला दोहोंची गरज आहे, असा तो हिशेब होता. कोणत्या मजकुराचे वाचन, आणि ते कोणाच्या हिताचे, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे मांडणारा त्या काळचा दुसरा दस्तऐवज क्वचितच दाखविता येईल.

सरकारी शिक्षणखात्याचा ओढा वेगळ्या दिशेला होता. १८६५-६६ पासून मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती टिकली. तपासनिसाने नेमलेल्या पुस्तकातील उतारा वाचावयास सांगावा आणि मुलाने तो वाचावा, अशी परीक्षा असल्यावर मुलाने तेच एक पुस्तक वर्षभर वाचून पाठ करावे हे ओघानेच आले. पंतोजींच्या शाळेतील पाठांतर हटविण्यासाठी आणलेले पुस्तक स्वतःच पाठांतराचा विषय बनले. १९३०-४० च्या सुमारास प्र. के. अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने मराठी साहित्यातील वेच्यांचा मुलांना रुचेल असा संग्रह समोर ठेवला, तेव्हा तिचे जे स्वागत झाले त्याचे एक कारण मधल्या काळातील या शुष्कतेत आहे.

अक्षरओळखीनंतर वाचावयास काय, हा प्रश्न प्रशासकीय पातळीवर प्रथम गांभीर्याने घेतला तो बडोदे संस्थानात. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्रायोगिक रीतीने सुरू केलेले सक्तीचे शिक्षण १९०६ साली संस्थानभर लागू केले. आणि १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची रचना करविली. गावाने काही रक्कम उभारली तर सरकारने त्यात भर घालावी, आणि जेथे ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरवाव्यात, अशी ती योजना होती. शाळा सोडलेला मुलगा शिकलेले विसरून जाऊ नये हा तिच्या मुळाशी असलेला विचार होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. ब्रिटिश मुलखात मात्र १९२९ च्या हार्टोग समितीने गळती आणि स्थगिती यांकडे लक्ष वेधीपर्यंत, शाळेत घातलेला मुलगा साक्षर झालाच असे मानूनच पुष्कळसे नियोजन चालले होते.

१९११ च्या जनगणनेत साक्षर कोणास म्हणावे याची जी कसोटी ठरविली होती, ती येथे लक्षात घेण्यासारखी आहे: मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे. पंतोजींच्या शाळेतील कागदवाचनाशी तिचे नाते उघड आहे. तीत अक्षरे किती येतात हे विचारलेले नाही; दुसऱ्याच्या हातचा, आधी न पाहिलेला मजकूर कळतो की नाही हे विचारले आहे. पुढील मोहिमांनी ही कसोटी सैल केली.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम हे त्याचे सर्वांत मोठे आणि, तिच्यामागील लोकउत्साह पाहता, सर्वांत हळवे उदाहरण होय. गावाने एकत्र येऊन संकल्प करावयाचा; प्राथमिक शिक्षकांनी आणि शिकलेल्या तरुणांनी विनामूल्य वर्ग चालवावयाचे; सुमारे चार महिन्यांत गाव साक्षर करून समारंभपूर्वक तसे जाहीर करावयाचे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर मोहीम इतर जिल्ह्यांत नेण्यात आली, आणि १९७२ साली युनेस्कोच्या पारितोषिकाने तिचा गौरव झाला. सामाजिक चळवळ म्हणून तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. उतारवयातील स्त्रीने सर्व गावासमोर फळ्यावर आपले नाव लिहिणे ही घटना आकड्यांत मावणारी नाही. पण चार महिन्यांत जे मिळते ते अक्षर, आणि फार तर हळूहळू जुळवलेले शब्द. वाक्याच्या शेवटापर्यंत पोचेतो त्याचा आरंभ निसटून जावा, अशा अवस्थेत वर्ग संपत असे. पुढील वाचनासाठी फिरत्या ग्रंथालयांची जोड देण्यात आली होती, परंतु समारंभाला जो पैसा आणि जी माणसे मिळाली ती पेट्यांना मिळाली नाहीत. साक्षर म्हणून जाहीर झालेल्यांपैकी पुष्कळजण काही वर्षांत पुन्हा अंगठ्यावर आले.

याच सुमारास आणखी एक बदल फारशी चर्चा न होता घडून गेला. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतून गेली आणि व्यवहारातूनही उठली. सुशिक्षित कुटुंबांत आजोबांनी लिहिलेले खतपत्र नातवाला वाचता येईनासे झाले. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे रुमाल आज ज्यांना उघडावयाचे आहेत, अशा इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याची स्थिती १९६० मधील नवसाक्षराहून फारशी वेगळी नाही. मोडीची मुळाक्षरे त्याला पंधरा दिवसांत येतात. वर्गाच्या अखेरीस प्रमाणपत्रही मिळते. त्यानंतर समोर आलेला पहिला खरा कागद लागत नाही. तो लागू लागतो तो पत्रांचे मायने, महसुलाच्या बाबी आणि एकेका कारकुनाचा हात ओळखीचा झाल्यावर, म्हणजे शेकडो कागद नजरेखालून गेल्यावर. आणि हे कागद त्याच्यासमोर ठेवून शेजारी बसणारा जाणता वाचक आता सहज मिळत नाही.