हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेच, तास वेगळे

दोन ठिकाणांमधले अंतर आणि वाहनाचा वेग ठाऊक असला, की प्रवासाला लागणारा वेळ काढता येतो, असे आपण काळ-काम-वेगाच्या गणितात शिकवतो. विमानप्रवासात मात्र हे उत्तर कधी कधी साफ चुकते. फिनलंडमधील हेलसिंकी आणि जपानमधील टोकियो यांचे उदाहरण घेऊ.

वर्गातल्या भिंतीवरील नकाशात या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा कझाकस्तान, मंगोलिया आणि चीनवरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर तो वेगळीच वाट धरतो. उत्तर सायबेरियात आर्क्टिक वृत्त ओलांडून तो पुन्हा खाली उतरतो. गोलावरची सर्वांत जवळची वाट हीच. ती सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. ताशी ८५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट विमानाला तेवढ्यासाठी साधारण सव्वानऊ तास पुरावेत.

पण ही वाट जवळजवळ सगळी सोव्हिएत संघावरून जात होती. प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील आकाशावर हक्क असतो, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो करारात मान्य झाले आहे. शीतयुद्धाच्या काळात हे आकाश परदेशी विमानांना बहुतांशी बंद होते. म्हणून १९५७ साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन-टोकियो सेवा सुरू केली ती उत्तर ध्रुवाकडून, अलास्कातील अँकरेजला थांबा घेऊन. एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरचे डीसी-१० विमान हेलसिंकीहून वाटेत कोठेही न थांबता टोकियोला जाऊ लागले. तेही ध्रुवावरून आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीवरूनच. वेळ लागे सुमारे तेरा तास.

हा वळसा नुसता कागदावरचा नियम नव्हता. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाने ते पाडले आणि २६९ माणसे मृत्युमुखी पडली.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. पुढे सायबेरियावरून थेट जाणारी उड्डाणे वाढत गेली आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ-दहा तासांवर आला. युरोपातून पूर्व आशियाला जाण्यासाठी हेलसिंकी हा सोयीचा थांबा बनला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि रशियाने त्याला तसेच उत्तर दिले. मार्च २०२२ मध्ये फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवावरून टोकियोला जाऊ लागली. प्रवासाचा वेळ पुन्हा तेरा तासांच्या आसपास गेला. एकोणचाळीस वर्षांत विमाने आणि इंजिने सुधारली होती. आकड्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. जादा इंधनाचा भार मात्र वाढला.

हा पाठ वर्गात सहज घेता येईल. पृथ्वीगोलावर हेलसिंकी ते टोकियो दोरा ताणून मोजा. मग दुसरा दोरा उत्तर ध्रुव आणि बेरिंगची सामुद्रधुनी यांवरून न्या. विषुववृत्ताची लांबी ४०,००० किलोमीटर धरून दोन्ही वाटांची लांबी काढा. तीन हजार किलोमीटरच्या आसपास फरक येईल. तो कशामुळे, हे मात्र इतिहासाच्या तासाला सांगावे लागेल.