लेणापूरच्या गुराख्यांचा शब्द

अजिंठ्याला मी छत्रपती संभाजीनगरहून कितीदा गेलो त्याची मोजदाद नाही. पण लेण्यांच्या शिवाराला लागून असलेल्या गावाचं नाव मी नीट वाचलं ते अगदी अलीकडे, सोयगाव तालुक्याचा नकाशा पुढे घेऊन बसलो तेव्हा. लेणापूर. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

अजिंठा गाव घाटाच्या वर, लेण्यांपासून काही मैल लांब. मग लेण्यांना त्याचं नाव का? साहेबाचा मुक्काम तिथे पडायचा म्हणून. असईची लढाई 1803 सालची. तिथले जखमी इंग्रज शिपाई अजिंठ्यातच आणून ठेवले होते. कागदोपत्री ठाऊक झालेलं गाव तेच. 28 एप्रिल 1819 ला कॅप्टन जॉन स्मिथ शिकारीच्या नादात वाघूरच्या दरीपाशी आला आणि एका गुराखी पोराने त्याला दहावं लेणं दाखवलं, अशी कथा सांगतात. स्मिथने तिथल्या खांबावर कोरलेलं नाव आज डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा आत माणूसभर गाळ साचलेला होता. ह्याला ‘शोध’ म्हणतात. पण ज्या पोराने वाट दाखवली त्याला लेणी ठाऊक होती, त्याच्या बापालाही असणार. साहेबाच्या कागदांनी नाव घेतलं ते मुक्कामाचं. गुराख्यांनी आपल्या गावालाच लेण्यांचं नाव दिलं. हे स्मिथच्या कितीतरी आधीचं असणार, असं मी धरून चालतो.

आता मूळ भांडण. लेणं म्हणजे काय? सर्रास सांगतात की लेणं म्हणजे दागिना, डोंगराने अंगावर घातलेला अलंकार. काजळ लेणं, कुंकू लेणं ह्यातलाच हा शब्द. ऐकायला गोड आहे, पण मला ते मुळीच पटत नाही. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपल्या पांडवलेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात ह्याचा शिलालेख आहे. आपण ‘लेण’ करवलं आणि पाण्याच्या ‘पोढी’ खोदवल्या, असं तो संस्कृतमिश्रित प्राकृतात नोंदवतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी भिक्षूंना दागिना कशाला लागतो? त्यांना लागतं छप्पर आणि पाणी. लेण आणि पोढी शेजारी शेजारी येतात, ती ह्याच कारणाने.

ह्याहून पक्का पुरावा पाली विनयपिटकात आहे. तिथे भिक्षूंना राहायला पाच प्रकारची ‘लेण’ सांगितली आहेत: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. गुहा शेवटची! म्हणजे लेण हा निवाऱ्याचा शब्द आणि गुहा त्यातला फक्त एक प्रकार. आपल्याकडे लाकडी, विटांचे निवारे कुजले, पडले. दगडातला टिकला आणि सगळ्यांच्या वाटणीचं नाव त्या एकट्याला मिळालं.

‘लेण’ आलं कुठून? संस्कृत ‘लयन’, धातू ‘ली’, म्हणजे टेकणं, विसावणं. आलय, निलय ही त्याचीच भावंडं. लयनचं लेण कसं होतं ह्याची शंका असेल तर अजिंठ्याच्या उत्तरेला उतरून जामनेरला जावं. नगर, नयर, नेर. जामनेर, अंमळनेर, संगमनेर, सगळीकडे ‘अय’चा ‘ए’ झालाय. हे ‘नेर’ नीर म्हणजे पाण्यावरून आलं असं म्हणणारेही आहेत, पण नदी कुठे नसते? मी नगराच्याच बाजूचा.

‘अजिंठा’ हे नाव जगभर पोचवण्यात मोठा वाटा एका शिपायाचा, मेजर रॉबर्ट गिलचा. मद्रास फलटणीतला हा माणूस घोडा, बंदूक आणि कुंचला तिन्हींत तरबेज. लेण्यांतली चित्रं वाचवा, असा आग्रह जेम्स फर्ग्युसनने 1843 साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत धरला आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने गिलला नकलांच्या कामावर नेमलं. तो अजिंठा गावातल्या बारदरीत राहिला, वाघ मारले, वर्षानुवर्षं मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या, पुढे कॅमेराही धरला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेल्या त्याच्या बहुतेक नकला 1866 च्या आगीत गेल्या. मग चित्रकार जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून ते काम पुन्हा हाती घेतलं, आणि त्यातल्याही कित्येक नकला 1885 च्या आगीने खाल्ल्या. गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याची प्रेयसी पारो 1856 मध्ये गेली, तिची कबर मात्र अजिंठ्यातच आहे. तिच्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिणारे ना. धों. महानोर पळसखेड्याचे, म्हणजे लेणापूरच्याच तालुक्यातले. गिलची आठवण इथल्या माणसांच्या मनात आहे ती मुख्यतः महानोरांमुळे, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण पुन्हा शब्दाकडे येतो. मागच्या पावसाळ्यात लेण्यांवरच्या व्ह्यू पॉइंटवर म्हशी घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याला मी मुद्दाम विचारलं, “बाबा, खाली काय आहे?”

“लेण्या हायेत ना,” तो म्हणाला.

लेण्या! पुस्तकात आपण एक लेणं, अनेक लेणी लिहितो. इथल्या बोलीत एक लेणी, अनेक लेण्या. बायकांच्या अंगावरचं मात्र लेणंच, तिथे ‘लेण्या’ कुणी म्हणत नाही. मी परतताना फर्दापूरच्या टी पॉइंटवर गारगोट्या विकणाऱ्या पोरांकडून, बसमधल्या बायांकडून हाच शब्द फिरवून फिरवून वदवून घेतला. डोंगरातली ती लेणी, गळ्यातलं ते लेणं. एकदाही गल्लत झाली नाही.