लायबेरियातील स्त्रियांची शांतता चळवळ

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशात १९८९ पासून मध्यंतरीच्या अल्प विरामाने २००३ पर्यंत चाललेली यादवी संपुष्टात आणण्यासाठी ख्रिस्ती व मुसलमान स्त्रियांनी एकत्र येऊन उभारलेली निःशस्त्र चळवळ.

समाजसेविका लेमा ग्बोवी यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल २००३ मध्ये राजधानी मन्रोव्हियात तिला आरंभ झाला. अध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, मासळीबाजारालगतच्या मैदानात, ज्यांची घरे लुटली गेली होती आणि ज्यांच्या कोवळ्या मुलांच्या हाती सरकारी फौजेने वा बंडखोरांनी बंदुका दिल्या होत्या अशा स्त्रिया अलंकार उतरवून, शुभ्र वस्त्रे लेवून, उन्हापावसात दररोज बसून राहत. अखेर टेलर यांना त्यांची भेट घेणे भाग पडले व बंडखोरांशी वाटाघाटींस जाण्याचे त्यांनी कबूल केले.

घाना देशातील आक्रा येथे जूनमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. परंतु प्रतिनिधी अधिकारपदांच्या वाटणीचाच खल करीत राहिले आणि तिकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडतच होते. तेव्हा जुलैत आक्रास गेलेल्या या स्त्रियांनी सभागृहाच्या दारात हातांत हात गुंफून बैठक मारली. अटकेची भाषा होताच ग्बोवी यांनी अंगावरची वस्त्रे उतरविण्यास आरंभ केला. मातेसमान स्त्रीची नग्नता पाहणे त्या समाजात घोर शाप मानले जात असल्याने रक्षक मागे हटले, आणि मध्यस्थ जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांना त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले. १८ ऑगस्ट २००३ रोजी तहनाम्यावर सह्या झाल्या. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ विजयी होऊन आफ्रिकेतील पहिल्या लोकनिर्वाचित स्त्री-राष्ट्राध्यक्ष झाल्या. २०११ चे शांततेचे नोबेल पारितोषिक ज्या तिघींना मिळाले, त्यांत त्या व ग्बोवी होत्या. तहानंतरच्या शांतिकार्यासाठी भारतानेही २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील स्त्रियांचे पथक मन्रोव्हियास धाडले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यातील केवळ स्त्रियांचे असे ते पहिलेच पोलीस पथक होय.

तहाच्या निर्णयांत स्त्रियांचा सहभाग वाढवावा, असे सुरक्षा परिषदेच्या १३२५ क्रमांकाच्या ठरावाने ३१ ऑक्टोबर २००० रोजीच सर्व राष्ट्रांस सांगितले होते. तरीही आक्रात या स्त्रियांना दाराबाहेरच बसावे लागले. युद्धाची झळ ज्यांच्या चुलीपर्यंत पोहोचते, त्यांना तहाच्या मसलतीत आरंभापासून स्थान देणे हे प्रत्येक राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे.