हौशी रेडिओ उपग्रह

परवानाधारक हौशी रेडिओचालकांच्या (हॅम) कंप्रतांवर चालणारा लहान कृत्रिम उपग्रह. १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतून सोडलेला ऑस्कर-१ हा यांतील पहिला. तो मोर्स संकेतांत ‘हाय’ एवढेच म्हणे. तथापि २८ देशांतील सु. ५७० हौशींनी ते ऐकून नोंदी पाठविल्या. उपग्रहाचा माग विखुरलेल्या हौशींनाही ठेवता येतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

इस्रोने ५ मे २००५ रोजी ४२.५ किग्रॅ. वजनाचा हॅमसॅट ध्रुवीय कक्षेत सोडला. त्यावरील दोन ट्रान्सपाँडरांपैकी एक भारतीय, तर दुसरा एका डच विद्यार्थ्याने बनविलेला होता. तो माथ्यावरून जात असता बुलढाण्यासारख्या ठिकाणच्या परवानाधारकालाही हाती धरलेल्या लहानशा आकाशकाने काही मिनिटे शेजारच्या देशांशी बोलणे शक्य असे. खर्चिक भूकेंद्राची गरज नव्हती, हेच त्याचे खरे महत्त्व. जुलै २०१४ मध्ये विद्युत् घटमाला निकामी होऊन तो बंद पडला.

महाराष्ट्रात हे काम विद्यार्थ्यांनी हाती घेतले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सु. १ किग्रॅ. वजनाचा ‘स्वयम्’ (२२ जून २०१६) वीज न खर्चता, चुंबकांच्या साहाय्याने दिशा स्थिर राखण्याच्या प्रयोगासाठी होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘प्रथम’ (२६ सप्टेंबर २०१६) आयनांबरातील इलेक्ट्रॉनांच्या मापनासाठी होता. त्याचे संदेश टिपण्याकरिता इतर महाविद्यालयांतही ग्राहक केंद्रे उभारण्यात आली.