भाड्याची खोली आणि डब्यातली धामण

परवा एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. पुण्यात नोकरीला आहे, फ्लॅट भाड्याने घेतलाय. करारात "पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत" असं कलम आहे आणि या गृहस्थाला साप पाळायचाय! "काका, साप पाळीव प्राण्यांत धरतात का हो?" असं त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. मला हसू आलं. हसू त्याच्या प्रश्नाचं नव्हतं, मला १९९३ साल आठवलं.

तेव्हा मी बुलढाण्याला शिकत होतो. एक खोली भाड्याने घेतली होती. घरमालक निवृत्त शिक्षक. लेखी करार वगैरे काही नव्हता, अटी सगळ्या तोंडी. खोलीत अंडी शिजवायची नाहीत, रात्री दहानंतर कडी वाजवायची नाही, कुत्रं-मांजर आणायचं नाही. सापाचं नाव त्यात नव्हतं. असला भाडेकरू मिळेल हे काकांच्या स्वप्नातही नसणार.

पावसाळा सरता सरता मला नाल्याच्या काठी धामणीचं एक पिल्लू सापडलं. हातभर लांब, बिनविषारी. मी ते उचलून आणलं, गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि वर जाळी बांधली. पुस्तकात वाचलेलं सगळं येतं असं वाटायचं ते वय!

आठवड्याभरात काकूंच्या लक्षात आलं. "काय हाये बाबू त्या डब्यात?" खोटं बोलता येईना. आता बिऱ्हाड उचलावं लागणार असं मी धरून चाललो. काकू काही न बोलता आत गेल्या आणि दुधाची वाटी अन् हळदकुंकू घेऊन बाहेर आल्या. संध्याकाळी काकांना कळलं. ते म्हणाले, "एक तर ते जनावर राहील, नाही तर तुम्ही." मग काका-काकूंचंच जुंपलं. दारी आलेल्याला हाकलायचं नाही, असं काकूंचं म्हणणं. काकांचं म्हणणं, उद्या कुणाला पान लागलं तर जबाबदार कोण?

ते भांडण मिटायच्या आतच पिल्लू मेलं. बेडूक आणून टाकले तरी त्याने काही खाल्लं नव्हतं. दुधाला तर तोंडही लावलं नाही. लावलं असतं तरी पचलं नसतं. साप दूध पिणारा प्राणीच नाही, तहानेने व्याकूळ झालेला साप पुढे येईल तो द्रव पितो एवढंच.

त्या भांडणात आम्ही तिघेही जुन्या गोष्टी बोलत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

काकूंचं बघा. वऱ्हाडातली जुनी घरं मातीच्या भिंतींची, धाब्याची. घरात धान्याची कणगी, कणगीपाशी उंदीर आणि उंदरामागे साप. अशा घरातला साप लोक राखणदार मानायचे. त्याला हाकलत नसत. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही, जमीन नांगरायची नाही. तो घरात राहायचा, पण पाळलेला नसायचा. आला तसा निघूनही जायचा. अर्थात काठीने मेलेले सापही कमी नव्हते.

साप खरोखर पाळणारे लोक म्हणजे गारुडी. गंमत अशी की त्यांना कुणी घर भाड्याने देतच नव्हतं. गावाबाहेर पाल ठोकायचं आणि टोपल्या पालात ठेवायच्या. टोपलीतल्या नागाचे दात पाडलेले असायचे. नागपंचमीच्या आधी त्याला तहानलेला ठेवायचे, म्हणजे लोकांसमोर तो दूध पितो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची तऱ्हा वेगळी. तिथे पंचमीच्या आधी गावकरी स्वतःच नाग पकडायचे, मडक्यात घालून घरी ठेवायचे, पूजा आणि मिरवणूक झाली की सोडून द्यायचे. उच्च न्यायालयाच्या आदेशांनी हे बंद झालं. २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक कारणापुरती मोजके नाग पकडायची परवानगी दिली.

माझ्यासारख्यांची परंपरा मात्र अलीकडची, हौशी लोकांची. रोम व्हिटेकर कोडाईकनालच्या शाळेत असताना वसतिगृहातल्या खाटेखाली अजगर ठेवायचे. पुढे त्यांनीच मद्रासला सर्पोद्यान काढलं. आपल्याकडे नीलिमकुमार खैरे १९८० साली पुण्यात काचेच्या केबिनमध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. त्या बातम्या वाचून आमच्या पिढीतली किती पोरं नाल्याकाठी फिरली असतील! त्या माणसांचा अभ्यास आम्ही घेतला नाही, डबा तेवढा घेतला.

आणि काका? काकांना मी तेव्हा भित्रा म्हटलं होतं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चारही नावं काकांना पाठ होती. डब्यात धामण आहे की दुसरं काही, हे त्यांनी माझ्या शब्दावर का मानावं?

कायदा काय म्हणत होता? बुलढाणा जिल्हा १९५६ साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, पण विदर्भात घरभाड्याला जुना मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा आदेशच चालत राहिला. भाडेकरूला काढायची नोटीस द्यायची तर आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच भाडे नियंत्रण कायदा आला. शेजाऱ्यांना उपद्रव हे घर सोडायला लावण्याचं एक कारण त्यात आहे. हल्ली मात्र बहुतेक करार अकरा महिन्यांचे, लीव्ह अँड लायसन्सचे. तिथे करारात जे लिहिलं ते महत्त्वाचं.

पण खरं सांगायचं तर या सगळ्याची गरजच नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दात पकडणंही येतं. नाल्याकाठी मी हात घातला तेव्हाच गुन्हा झाला होता. खोली भाड्याची असो की बापाची, आपल्याकडचा रानातला साप घरात ठेवता येत नाही. आणि कायदा मोडून ठेवलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. म्हणजे काकूंनी ज्याला पाहुणा मानलं, काकांनी ज्याला घुसखोर मानलं आणि मी ज्याला माझं मानलं, तो आमच्या तिघांपैकी कुणाचाच नव्हता.

आज त्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या वनिता बोराडे यांचं नाव सर्पमित्र म्हणून देशभर झालंय. २०२० सालचा नारीशक्ती पुरस्कार त्यांना ८ मार्च २०२२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. बदल बघा. पूर्वी मान पकडण्याला होता, आता तो सोडण्याला आहे. सर्पमित्र म्हणवणारे काहीजण पकडलेला साप चार दिवस घरी ठेवून मित्रांना दाखवतात, फोटो काढतात. ते पाहिलं की मला माझा तेलाचा डबा आठवतो.

असो. त्या मुलाला मी सांगितलं, की बाबा, आपल्याकडचा साप असेल तर घरमालकाला विचारूच नकोस, कारण परवानगी देणं त्याच्या हातात नाही. बॉल पायथनसारखा परदेशी साप असेल तर आता त्याची वनखात्याकडे नोंद करावी लागते. त्याची कागदपत्रं बघ, आणि मग घरमालकाला स्पष्ट सांग. लपवून ठेवू नकोस. आणि सगळ्यात आधी, तो काय खातो आणि त्याला किती ऊब लागते ते शीक.

तो म्हणाला, "काका, तुमच्या सापाचं पुढे काय झालं?"

बाराव्या दिवशी सकाळी मी डबा उघडला होता, ते त्याला सांगितलं. त्या दिवशी काकाच खुरपं घेऊन माझ्याबरोबर परसात आले. काकूंनी हळदकुंकू वाहिलं. खड्डा काकांनी खणला आणि मला घर सोडा असं ते त्यानंतर एकदाही म्हणाले नाहीत.