बांगड्या, पगडी आणि पंचाची शिट्टी

शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांत मी बरीच वर्षं पंच होतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला. सामना सुरू होण्याआधी पंचाने खेळाडूंची नखं, बोटं, कान, गळा पाहायचा असतो. कबड्डीतला हा नियम आपल्याकडे पोरासोरांना पाठ असतो: नखं कापलेली, अंगाला तेल नाही, दागिना नाही. बास्केटबॉलची मुलं मात्र विचारतात, “सर, आम्ही कुठे कोणाला धरतो?” धरत नाहीत हे खरं, पण रिंगखाली चार-पाच हात एकाच चेंडूवर झेपावतात. बोटातली अंगठी जाळीत अडकली तर कातडी सोलून निघते.

जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला. त्यांच्या १३ नियमांत ढकलणं, पकडणं, पाडणं यांना मनाई होती. दागिन्यांचा उल्लेखही नव्हता. आताच्या आंतरराष्ट्रीय नियमात दुसऱ्याला इजा होईल अशी कोणतीही वस्तू चालत नाही, आणि दागिन्यांचं नाव त्यात स्पष्ट घेतलेलं आहे. पट्टी चिकटवून चमकी झाकायची सवलतही नाही. अमेरिकेतल्या शाळांत धार्मिक पदक टेपने अंगाला चिकटवून, जर्सीच्या आत ठेवलं तर चालतं. आपल्याकडच्या ताईतवाल्या मुलांना हे सांगितलं की त्यांना अमेरिका फार आवडते!

२००२ च्या सुमाराची गोष्ट. एका तालुक्याच्या संघातली मुलगी मैदानात उतरली ती दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या घालून. घरी लग्न होतं, कासाराने आदल्याच दिवशी घट्ट भरलेल्या. मी सगळ्यांदेखत म्हणालो, “काढ, नाहीतर बाहेर बस.” निघेनात. कोणीतरी प्रेक्षकांतून ओरडलं, “फोडून टाक ना!” आपल्याकडे बांगडी फुटली असंसुद्धा म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. मुलगी रडायला लागली आणि सामनाभर बाकावर बसून राहिली. तिचा संघ दोन गुणांनी हरला. नियम मी बरोबर लावला होता, पण अर्धा तास आधी तिच्या हातांकडे पाहिलं नव्हतं, ही चूक माझी.

पुढे जुलै २०१४ मध्ये चीनमधल्या वुहानला, आशिया चषकात, भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना जपानविरुद्धच्या सामन्याआधी पगडी उतरवायला लावली. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत हिजाब काढायला सांगितल्यावर कतारच्या मुलींनी स्पर्धाच सोडली. ते वाचताना मला तो बाक आठवला. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. पगडीने कोणाला जखम होत नाही; ते ‘फिबा’ला पटायला २०१७ साल उजाडलं. मे महिन्यात नियम बदलला, ऑक्टोबरपासून डोकं झाकून खेळायची मुभा मिळाली. काच मात्र कापते. म्हणून बांगडी आजही चालत नाही, आणि चालू नये असंच मला वाटतं.

त्या सामन्यानंतर मी शिट्टीबरोबर पिशवीत साबणाची वडी ठेवू लागलो. तासभर आधी पोहोचायचं, मुलींच्या शिक्षिकेला बोलवायचं, नळाजवळ एकेकीचा हात साबणाने ओला करायला सांगायचं. बहुतेक बांगड्या निघत. काढलेल्या मोजून रुमालात बांधायच्या आणि सामना संपला की ज्यांच्या त्यांना परत.